सहा मेची दुसरी नोंद

१८ एप्रिल

आज घाईबाईंचा फोन आला. क्रीडापान सांभाळणाऱ्या उपसंपादकबाईंना मी त्यांच्या माघारी घाईबाई म्हणते, कारण त्यांचं प्रत्येक बोलणं "पटकन सांगते"पासून सुरू होतं आणि वीस मिनिटं चालतं. त्यांच्या पानावरची 'आजच्या दिवशी' ही चौकट मी अकरा वर्षं लिहितेय. रोज दोन नोंदी. पहिली जगातली, दुसरी आपल्या इथली. जगातली कुठेही मिळते. आपल्या इथलीसाठी जिल्हा संघटनेची जुनी निकालवही उपसावी लागते. संघटनेच्या कपाटाला वाळवी लागली तेव्हापासून ती वही माझ्याकडेच आहे. निम्मी पानं माझ्याच अक्षरात आहेत, त्यामुळे वाचताना अडत नाही.

"पटकन सांगते," घाईबाई म्हणाल्या. "सहा मेची पहिली नोंद ठरलेलीच आहे, चार मिनिटांच्या आत पळलेला मैल. दुसरी तुमच्या बहिणीची शर्यत घ्या. त्याच दिवशी शाळेत त्यांचा निरोप समारंभ आहे, आमचा फोटोग्राफर जाणारच आहे. एका दशांश सेकंदाने हुकलेली निवड, घड्याळ सख्ख्या बहिणीच्या हातात, आणि आता लिहिणारीही तीच. असं काही वर्षातून एकदाच हाताला लागतं हो."

मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि दूध उतू घालवलं.

ही डायरी त्यासाठीच काढली. ह्यांना काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, आणि मग ते खालच्या मजल्यालाही कळतं. कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये आराम करत असतं आणि हे "हं, हं" करत पेपर वाचत असतात. लिहिलं तर निदान कुणाला ऐकू जाणार नाही.

१९ एप्रिल

मैलाची नोंद दहा मिनिटांत झाली. १९५४, सहा मे, तीन मिनिटं एकोणसाठ पॉइंट चार सेकंद. चार मिनिटांना सहा दशांश कमी, तेवढ्यावर जग अजून त्या दिवसाची आठवण काढतं.

दुसऱ्या नोंदीला चाळीस शब्दांची जागा. सकाळी बसले ती जेवायची वेळ झाली तरी बसलेलीच. वहीतली ओळ अशी आहे: 'महिला, १०० मीटर, पहिली, १२.० सेकंद, जिल्हा विक्रमाशी बरोबरी.' माझंच अक्षर. शून्य चांगलं गोल काढलंय.

पाच वेळा लिहिलं, पाच वेळा खोडलं. हे म्हणाले, "एवढं काय लिहितेयस, कादंबरी?" मी म्हटलं, चाळीस शब्द. ते म्हणाले, "हं, हं."

२२ एप्रिल

धाकटी आली होती. आता अठ्ठावन्न वर्षांची आहे, माझ्याहून सातच वर्षांनी लहान, तरी मला ती धाकटीच. शाळेत खेळाची शिक्षिका. पोरी तिला मागून शिट्टीबाई म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि आवडतंही.

"ताई, भाषण ऐक," म्हणाली. "कंटाळा आला तर सांग. म्हणजे सांगू नकोस, नुसती ऐक."

मग खुर्चीमागे उभी राहून तिने सुरू केलं. मला ते पाठ आहे, तिच्या सगळ्या पोरींना पाठ आहे. दर वर्षी खेळांच्या पहिल्या तासाला ती हेच सांगते. "मुलींनो, राष्ट्रीय शिबिरासाठी अकरा पॉइंट नऊ लागत होते. मी पुढे होते. शेवटच्या पाच पावलांत मी मान वळवली, शेजारची किती मागे आहे ते बघायला. तिथे माझा एक दशांश गेला. बारा लागले. आणि घड्याळ कुणाच्या हातात होतं? माझ्या सख्ख्या ताईच्या. तिला तो दशांश मला देता आला असता. कुणाला कळलंही नसतं. तिने दिला नाही. खरेपणा कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी शिकले आणि तेच तुम्हाला शिकवत आले."

"इथे टाळ्या पडतात," ती म्हणाली. "तू पहिल्या रांगेत बस. मी हात केला की उभी राहा, नाहीतर बसशील मख्खासारखी."

मी म्हटलं, माझं कशाला मध्ये, तुझा दिवस आहे. तर म्हणाली, "वा गं वा. तुझ्याशिवाय माझी गोष्ट होते तरी का?"

जाताना तिने निकालवही उघडली. शेवटी विक्रमांचं पान आहे, ते काढून बघत बसली. शंभर मीटरच्या ओळीत दोन नावं, एक माझं आणि एक तिचं, समोर १२.०. नंतर विजेवर चालणारी घड्याळं आली, हाताने घेतलेल्या वेळांचे विक्रम बंद झाले, त्यामुळे ती ओळ आता कुणी मोडणार नाही. "निवड गेली ती गेली," म्हणाली, "पण ह्या ओळीत आपण दोघी शेजारी शेजारी आहोत ना, मला ह्याचंच फार वाटतं बघ."

बाराचा जुना विक्रम माझा होता, हे वर लिहायचं राहिलं. त्याचा ह्या सगळ्याशी तसा संबंध नाही.

२४ एप्रिल

उद्या कुणी वाचलं तर समजावं म्हणून नियम लिहून ठेवते. पहिल्या येणाऱ्या धावपटूवर तीन घड्याळं. बंदुकीचा आवाज ऐकून नाही, धूर दिसला की बटण दाबायचं. छाती रेघेला लागली की पुन्हा दाबायचं. डोक्याकडे, हातांकडे बघायचं नाही. मग आपापलं घड्याळ आधी मुख्य टाइमकीपरला दाखवायचं, एकमेकांना नाही. तिन्हींतली दोन जुळली तर ती वेळ खरी.

आणि काटा दोन रेघांच्या मध्ये थांबला तर पुढची रेघ वाचायची. मागची नाही. केसभर पुढे गेला तरी पुढचीच. नियम आहे.

त्या दिवशी एका घड्याळात अकरा नऊ होते, दुसऱ्यात बारा. राहिलं माझं. काटा केसभर पुढे होता. मी बारा सांगितले. यात माझं काही चुकलं असं कुठल्याही पंचाने म्हणून दाखवावं.

२७ एप्रिल

सांगायला गेले होते. काय सांगायला, ते घरून निघताना पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, शाळेच्या मैदानावर गाठावं, उघड्यावर बोलणं सोपं जातं.

धाकटी पोरींना शेवटचे वीस मीटर पळवत होती. पोरींच्या डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची झापडं, फितीने डोक्यामागे बांधलेली. तिनेच कात्रीने कापून केलेली, कितीतरी वर्षांपूर्वी. पुठ्ठे फाटले की नवे कापते. बाजूला दिसलंच नाही तर मान वळणारच नाही, हे तिचं शास्त्र. "मान! मान!" म्हणून ओरडत ती पोरींच्या बरोबरीने पळत होती, ह्या वयात. एका उंच पोरीने पोहोचताना मान जराशी हलवली, तर तिला पुन्हा मागे पाठवलं. पोरगी कुरकुरली, "बाई, मी पहिलीच आले ना?" धाकटी म्हणाली, "मीही पहिलीच आले होते. विचार माझ्या ताईला." आणि माझ्याकडे बोट केलं. सगळ्या झापडं लावलेल्या पोरी वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, सहज आले होते. ती म्हणाली, "ऊन लागेल, सावलीत बस." दहा मिनिटं सावलीत बसले आणि परत आले.

शर्यत झाली त्या संध्याकाळी ती माहेरच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. शिबिरासाठी भरून ठेवलेली बॅग बाबांनी गपचूप माळ्यावर टाकली होती. तिने मला विचारलं होतं, "ताई, कुठे गेला गं तो दशांश? मला तर काही चुकल्यासारखं वाटलं नाही." काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, शेवटी मान वळवलीस ना जराशी.

तिला आठवत नव्हतं. मी सांगितलं म्हणून तिला आठवायला लागलं.

२८ एप्रिल

घाईबाईंचा फोन. दुसरी नोंद अजून आली नाही. उद्या देते म्हटलं.

१ मे

काटा रेघेवर होता.

लिहिलं एकदाचं. केसभर पुढे वगैरे काही नव्हता. नऊच्या रेघेवर नेमका, खिळ्यासारखा उभा. मी पाहिला आणि मुख्य टाइमकीपर माझ्यापर्यंत यायच्या आत अंगठ्याने बटण दाबून काटा शून्यावर नेला. ते आले तेव्हा म्हटलं, घाईत दाबलं गेलं हो, पण बारा होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "बहिणीचं प्रकरण आहे, नीट आठवून सांगा," म्हणाले. मी म्हटलं, बहीण आहे म्हणूनच नीट सांगतेय. त्यांना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून निकालवही लिहायचं काम माझ्याकडे आलं.

का केलं, तर लोकांना भिऊन. दुसरं काही नाही. बहिणीने बहिणीला शिबिरात घुसवलं म्हणून गावभर झालं असतं. तिला आयुष्यभर ते चिकटलं असतं. मी तिचाच विचार केला. एका घड्याळात बारा होतेच की, मी काही हवेतून आकडा आणला नाही.

मला त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर येणारीचं घड्याळ मागून घेता आलं असतं. मुख्य टाइमकीपरनी विचारलंही होतं, बदलून हवं का. मी नको म्हटलं. का म्हटलं ते आता आठवत नाही. ती कशी पळते ते जवळून बघायचं होतं, एवढंच असेल.

आमच्या वेळी शिबिर वगैरे नव्हतंच. मी विसाव्या वर्षी बारात पळाले, घरी आले, कपडे धुतले. दोन महिन्यांनी लग्न. त्याबद्दल मी कधी कुणाकडे ब्र काढला नाही.

३ मे

सांगितलं.

सकाळीच तिच्या घरी गेले. ती वाळलेले कपडे काढत होती. मी म्हटलं, बस, बोलायचंय. ती म्हणाली, "हात चालू दे, कान मोकळे आहेत." मग मी उभ्यानेच सांगितलं. रेघ, काटा, अंगठा. सगळं. वाटेत ठरवलेलं एकही वाक्य त्यात आलं नाही.

तिने हातातली चादर खाली ठेवली नाही. विचारलं, "काटा नऊवर होता?"

"हो."

"रेघेवर?"

"रेघेवर."

"आणि मान?"

मी म्हटलं, मान मी पाहिलीच नव्हती. आम्ही छाती बघतो. ते मी तुला आपलं उत्तर द्यायचं म्हणून सांगितलं.

ती बराच वेळ चादरीची टोकं जुळवत राहिली. जुळत नव्हती. मी एक टोक धरायला पुढे झाले तर तिने ते ओढून घेतलं.

"म्हणजे मी नीट पळाले होते," ती म्हणाली. मला नाही, चादरीलाच म्हणाल्यासारखं. मग पुन्हा म्हणाली, "ताई, मला जमलं होतं."

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिने विचारलं, "का गं?" मी लोकांचं सांगितलं. बहिणीचं बहिणीला. तुझ्याचसाठी. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा निवड होती. तू म्हणालीस उतर, मी उतरले नाही. ऐन वेळी मान वळवणाऱ्या माणसाने पुन्हा काय उतरायचं, असं वाटलं मला."

मग म्हणाली, "तू जा आता."

एकदा सांगून टाकलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. बसस्टॉपवर दोन बस सोडून दिल्या.

४ मे

नोंद पाठवली. अडतीस शब्द. 'छत्तीस वर्षांपूर्वी आजच्या दिवशी महिलांच्या शंभर मीटर शर्यतीत विजेतीची खरी वेळ ११.९ सेकंद होती, ती चुकून १२.० नोंदवली गेली' वगैरे. खाली लिहिलं, वेळ मी घेतली होती.

अर्ध्या तासात घाईबाई. आज "पटकन सांगते" म्हणाल्याच नाहीत.

"वहीत काय आहे?"

"बारा."

"सही कुणाची?"

"मुख्य टाइमकीपरची. ते वारले."

"बाकीच्या दोन घड्याळांचं?"

"एक जण वारले. दुसऱ्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत."

"मग अकरा नऊला पुरावा काय?"

मी म्हटलं, मी आहे ना.

 "तुम्हीच तर बारा लिहिलेत," म्हणाल्या. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, बहिणीच्या निरोपाच्या दिवशी तुम्हाला असं वाटणं मी समजू शकते, पण सही झालेल्या निकालाविरुद्ध मी कशी जाऊ? उद्या कुणीही उठेल आणि आपल्या भावाबहिणीची वेळ कमी करून मागेल. अकरा वर्षं तुम्हीच मला हे शिकवलंत.

शिकवलंय खरं. एका गृहस्थांनी वडिलांच्या लांब उडीचे चार इंच वाढवून मागितले होते, त्यांना मी फोनवर असं काही झापलं होतं की हेही यंत्र न लावता ऐकू आलं म्हणाले.

वही समोरच आहे. खाडाखोड केली तर तीही माझ्याच अक्षरात दिसेल.

५ मे

धाकटी फोन उचलत नाही. ह्यांनी विचारलं, "काय झालंय?" मी सांगितलं. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. "हं, हं," म्हणाले. थोड्या वेळाने चहा करून आणून दिला. त्यांना किती ऐकू आलं, देव जाणे.

६ मे

पेपरात आलंय. पहिली नोंद मैलाची. दुसरी घाईबाईंनी स्वतः लिहून टाकली: बारा सेकंद, एका दशांशाने हुकलेली निवड, सख्ख्या बहिणीचं निष्पक्ष घड्याळ. निष्पक्ष हा शब्द मी कधी वापरत नाही. खाली नाव मात्र माझं.

शाळेत गेले. जावं की नाही असं माझं चाललं होतं, तेव्हा हे म्हणाले, "नाही गेलीस तर काय सांगशील?" आणि यंत्र लावून, बूट घालून माझ्याबरोबर निघाले. तेव्हा कळलं की त्यांना काल सगळं ऐकू आलं होतं.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर माझ्या नावाचा कागद चिकटवलेला. तो धाकटीने आधीच लावून ठेवला असणार, काढायला विसरली किंवा काढला नाही. मी बसले. मुख्याध्यापिका बोलल्या, जुन्या विद्यार्थिनी बोलल्या. मग ती उठली. हातात कागद नव्हता.

"मुलींनो, राष्ट्रीय शिबिरासाठी अकरा पॉइंट नऊ लागत होते," तिने सुरू केलं. मागच्या पोरी तिच्याबरोबर पुटपुटायला लागल्या, पाठच आहे ना. "मी पुढे होते." पोरी म्हणाल्या, "शेवटच्या पाच पावलांत..." आणि थांबल्या, कारण ती थांबली होती.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. आता सांगेल, सगळ्यांसमोर सांगेल, आणि ते बरंच होईल असं मनात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं. हात केला नाही.

"मी मान वळवली नव्हती," ती म्हणाली. "मला इतकी वर्षं तसं वाटत होतं. त्या दिवशी मी चांगली पळाले, मुलींनो. खूप चांगली पळाले. बस, एवढंच सांगायचं होतं."

आणि खाली बसली. माझं नाव आलंच नाही. कुणाला काही उमगलं नाही. टाळ्या कुठे वाजवायच्या ते पोरींना समजेना, मग ती परवाची उंच पोरगी एकटीच वाजवायला लागली आणि बाकीच्यांनी सुरू केलं. फोटोग्राफरने आम्हा दोघींना शेजारी उभं केलं. "जवळ या ना, बहिणी आहात," म्हणाला. ती आली जवळ. खांद्याला खांदा लागला. फोटो झाला आणि ती बाजूला झाली.

नंतर ती खेळाच्या खोलीत एकटी सापडली. कपाट रिकामं करत होती. हे बाहेर थांबले. मी म्हटलं, धाकटे, पेपरला खरं पाठवलं होतं मी, त्यांनी घेतलं नाही.

"माहीत आहे. तुझ्या घाईबाईंचा फोन आला होता. पटकन सांगते म्हणाल्या." तिला जरा हसू आल्यासारखं वाटलं, पण ते पूर्ण झालं नाही. "ताई, एक काम करशील?"

"सांग ना."

"विक्रमाच्या पानावरून माझं नाव काढ."

मी म्हटलं, अगं, असं कसं, तेवढंच तर आहे तुझं.

"मी बारात पळाले नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बारात तू पळाली होतीस. त्या दिवशी मी तुझ्या पुढे गेले होते, तुलाच तेवढं दिसलं होतं. ती ओळ तुझी एकटीची आहे. तशीच राहू दे."

मी तोंड उघडलं होतं. लोक काय म्हणतील ते, बहिणीने बहिणीला ते, सगळं पुन्हा जिभेवर आलं होतं. ती कपाटाचं दार धरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काढते.

छत्तीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. घरी आले, वही काढली, पट्टी लावून तिच्या नावावर रेघ मारली. त्या ओळीत आता मी एकटी आहे.